मयताच्या घरचे पांढरे

१० नोव्हेंबर, नांदुरा

आज स्टुडिओचे दार उघडले. स्टेशन रोडवर धान्याच्या दुकानांच्या रांगेत, उत्तरेला मोठी खिडकी असलेली जागा मिळाली, हे भाग्यच म्हणायचे. उत्तरेचा उजेड दिवसभर फारसा बदलत नाही. वाणिज्य शाखेची पदवी घेऊन नाशिकला आयुष्यभर हिशेब तपासले. आता मुदतीपूर्वी निवृत्त होऊन छंदाचाच व्यवसाय करीत आहे.

अनुपमाचे माहेर इथलेच. गाडीतून उतरताच तिची भाषा बदलली. ऑटोवाल्याला ती, ‘काऊन बे, पेटी आपटून राह्यला, अंदर काच हाय ना,’ असे म्हणाली आणि मी थक्क झालो.

जागेचे मालक हिंमतराव पूर्वी इथेच फोटो काढीत. आता ते दोन्ही डोळ्यांनी अंध असून पत्नी वच्छलाबाईंसह मागच्या खोल्यांत राहतात. मी खिडकीचे कौतुक केले, तेव्हा ते हसून म्हणाले, ‘पाहा साहेब, मालक आंधया अन् भाडेकरू रंगाचा मास्तर. जोडी साजरी जमली.’

१३ नोव्हेंबर

पहिले काम: एका घरची हळद. छान झाले.

व्हाइट बॅलन्सविषयी मी कमालीचा काटेकोर आहे. पिवळ्या दिव्याखाली किंवा निळ्या सावलीत ठेवलेला कागद आपल्याला पांढराच दिसतो, कारण डोळा ती छटा आपोआप वजा करतो. कॅमेऱ्याला मात्र, या उजेडात पांढरे ते हे, असे एकदा दाखवून द्यावे लागते. मग तो बाकीचे सर्व रंग त्यावरून ठरवतो. पांढरे चुकले की सगळेच चुकले. यासाठी मी एक ग्रे कार्ड, म्हणजे नेमक्या करड्या रंगाचा पुठ्ठा, बाळगतो. अनुपमा करवल्यांना सांगत होती की यांचे नवरीच्या तोंडाकडे ध्यानच नसते, त्या कार्डाकडेच असते.

तेवढ्यात कोणीतरी हळदीच्या हाताने ते कार्ड उचलले. डाग निघत नाही. डागाळलेले कार्ड मी वापरणार नाही. नवे मागवले आहे.

१५ नोव्हेंबर

अनुपमाचे मामा उकंडराव वरवट बकालला वारले. त्यांचा जिवंतपणीचा एकही धड फोटो नव्हता. तेव्हा कॅमेरा घेऊन या, असा मामेभावाचा, गोविंदाचा निरोप आला.

निघताना हिंमतरावांनी दारात अडवले. या भागातील फोटोवाल्यांची एक रीत आहे म्हणे. मयताच्या घरचे पांढरे कॅमेऱ्याला दाखवायचे नाही, आपले घरून न्यायचे. त्यांनी स्वतःचा धुतलेला रुमाल माझ्या खिशात कोंबला. ‘तिथलं पांढरं घेसान तं मंग समदं त्याच्या हिशेबानं दिसन,’ असे म्हणाले.

रुमालाला भरपूर नीळ दिलेली होती. निळसर रुमालावरून घेतलेले पांढरे अशुद्ध ठरते. आणि मामांवर पांघरलेले कोरे कापड अंगणाच्या उजेडात इतके एकसारखे, इतके स्वच्छ दिसत होते! मी त्यावरूनच पांढरे घेतले. मग रीतीप्रमाणे मामांना टेकवून बसवले आणि शेजारी अंबूबाई मामी, गोविंदा व अनुपमा अशा क्रमाने बसले आणि एकत्र फोटो झाला.

१६ नोव्हेंबर

फोटो मोठ्या पडद्यावर पाहिला. मामांचा चेहरा तांबूस, टवटवीत आहे. जणू आताच जेवून उठले. बाकी तिघे राखेसारखे आहेत. ओठसुद्धा.

कोरे कापड किंचित पिवळट असले तर चित्र निळसर येते, हे मान्य. पण एकाच उजेडात, एकाच चौकटीत मृताचा रंग चढावा आणि जिवंतांचा उतरावा, हे कोणत्याही नियमात बसत नाही.

गोविंदाला फक्त मामांचा चेहरा पाठवला. त्याचा फोन आला, ‘भाऊजी, आबा तं आता उठून च्या मागतीन.’ 

१७ नोव्हेंबर

अंबूबाई मामी गेल्या. झोपेतच. गोविंदा सांगत होता की दोन दिवस आईचे तोंड पांढरेफटक पडत चालले होते. दुःखाने असेल, असे सर्वांना वाटले.

नवे कार्ड आले. नवे पांढरे घेतले, कॅमेऱ्याने ते स्वीकारले. खिडकीतून रस्त्यावरच्या माणसांचे फोटो काढून पाहिले. सगळे राखेचे.

१९ नोव्हेंबर

गोविंदा गेला. शेतात, भर दुपारी, बसल्या जागी. ओळीत त्याच्यानंतर अनुपमा आहे.

फोटो पुसला. मेमरी कार्ड चुलीत घातले. कॅमेऱ्यातील सर्व जुळणी मूळपदावर आणली. अनुपमा रडून थकली आहे. मी तिला खिडकीपाशी बसवून नीट पाहिले. आता कॅमेऱ्याची गरज नाही. उघड्या डोळ्यांनी दिसते. तिच्या कपाळावरचे कुंकू लाल आहे, पण त्याखालची कातडी—

हिंमतरावांना सर्व सांगितले.  ते म्हणाले की हेच त्यांच्या हातून झाले होते आणि ओळीत वच्छलाबाई होत्या. मयताचे पांढरे पुसायचे तर जित्या माणसाचे पांढरे द्यावे लागते. ‘माणसाच्या आंगावर पांढरं काय असते, साहेब? डोयाच ना. मी माह्ये देल्ले. ते पाहा, माही बुढी अजून भाकरी थापून राह्यली.’ जवळून टिपणारे भिंग लावून बुबुळाबाहेरचा भाग चौकटीत भरायचा आणि त्यावरून पांढरे घ्यायचे. ‘पण उशीर नका करू बाप्पा.’

मी अंध होऊन अनुपमाला कोण सांभाळणार? आधी दुसरे उपाय संपवले पाहिजेत.

२० नोव्हेंबर

अनुपमाला घेऊन खामगावला गेलो. डॉक्टरांच्या मते रक्त उत्तम, काळजी नको. ‘बाई, तुम्ही तं ठणठणीत,’ असे हसून म्हणाले. त्यांना दिसत नाही का?

परत येताना जिनिंगमधून सरकी काढलेला ताजा कापूस मागून घेतला. याहून शुद्ध पांढरे या जिल्ह्यात नाही. कॅमेऱ्यात तो हळदीसारखा पिवळा दिसला. चुना पिवळा. मीठ पिवळे. दूध पिवळे. तिने दुधाचा पेला माझ्या हातातून घेऊन खाली ठेवला आणि हळूच म्हणाली, ‘अहो, पुरे ना आता. माह्याजवळ बसा.’

मी बसलो नाही. तांदूळ पाहायचे राहिले होते.

२१ नोव्हेंबर, सकाळ

अनुपमा खाटेवरून उठली नाही. आवाज अगदी बारीक झाला आहे. हात गार. कॅमेऱ्यातून पाहिले. हे लिहवत नाही. आज तिचा चेहरा राखेचा दिसत नाही. आज तो तांबूस दिसतो. मामांचा होता तसा.

अजून श्वास आहे. नाकापाशी आरसा धरून खात्री केली.

भिंग लावले. माझ्या डोळ्यांत पिवळेपणा असेल तर? वय झाले आहे. तपासायला वेळ नाही—

दुपार

दिले. दोन्ही.

दिसत नाही. बोटाने कागदाची कड धरून लिहितो आहे. ओळी एकमेकींवर चढल्या असतील.

हिंमतरावांनी खांद्यावर हात ठेवला. विचारले, ‘लवकर केलं ना?’ 

नंतर

अनुपमा बोलली! स्पष्ट, खणखणीत. शेजारी येऊन बसली आहे. अंगात जीव आला म्हणते. आरशात गाल लाल दिसतात म्हणते.

देवा. झाले. जुळले.

पण मला पडताळता येत नाही. हात धरला आहे. हात गार आहे. बाहेर ऊन उतरले असेल, म्हणून—

तिला विचारले, माझा चेहरा कसा दिसतो?

ती हसली. ‘मायबाई, तुमचंच तोंड राखेसारखं पडलं की.’

राखेसारखे. मी जिवंत आहे. मी राखेसारखा कोणाला—

वच्छलाबाई आत आल्या. रडत आहेत. माझ्यापाशी नव्हे. खाटेपाशी. हिंमतरावांना म्हणाल्या, कापड आणा.

खाटेवर कोणी नाही. अनुपमा इथे आहे. माझ्या शेजारी. हात सोडणार नाही.

ती म्हणते, ‘मामा पाहा ना, किती साजरे दिसून राह्यले.’

मामा कुठे—

खुर्ची सरकली. ती उठते आहे. चौघांचा फोटो काढू म्हणते. मामी आली, गोविंदा आला म्हणते, मधली जागा तिची म्हणते. अनुपमा, थांब. तिकडे बसू नको. आधी मला पांढरे—