मधल्या तारा आणि पलीकडचा तामाती

मंगळवार, ५ मार्च
आले बाई एकदाचे रस्तावाले! हायवेच्या मधोमध कठडा घालणार म्हणे, अगदी आमच्या दारासमोरून. मेरेआना नाचलीच. नात माझी — शहरात नर्स आहे, रात्रपाळी करून पहाटे याच रस्त्याने येते. समोरून डुलकी लागलेला दुधाचा टँकर अंगावर आला तर? ती येईपर्यंत मी किटली चढवते, उतरवते, परत चढवते.

शुक्रवार, ८ मार्च
हॉलमध्ये सभा. बिस्किटं बरी, चहा पाणचट. रस्तेखात्याच्या बाईने कठड्याच्या तीन तऱ्हा दाखवल्या. सिमेंटची भिंत — दणकट, ट्रकलाही अडवते, डागडुजी फारशी नाही. पण ती हलत नाही, म्हणून आपलीच हाडं हलतात! पोलादी पट्टी थोडी वाकते. आणि तारा — खांबांतून ओवलेले जाड दोर. गाडी आदळली की ताणतात, जाळ्यात मासा यावा तशी झेलतात. मात्र दर धडकेनंतर खांब बदला, तारा ताणा. शिवाय वाकायला जागा हवी.
मी विचारलं, तारांतून पलीकडचं दिसतं का?
"दिसतं की."
मग माझं मत तारांना!
मागून तामाती गरजला, "आणि मोटरसायकलवाल्यांचं काय? खिसणी आहे ती, खिसणी!"
बाई म्हणाली, "आजोबा, तारांपेक्षा खांबांचाच मार जास्त बसतो. त्यांना गादी गुंडाळता येते. आणि भिंतही काही मऊ नसते."
तामाती म्हणजे रस्त्यापलीकडचा शेजारी. बायको गेली, मोटरसायकल राहिली. रोज सकाळी रस्ता ओलांडून माझ्याकडे चहाला येतो. कधी धुरी दिलेला वाम मासा आणतो.

शनिवार, ९ मार्च
चहाला आला नाही.

रविवार, १० मार्च
आपल्या फाटकातून ओरडला, "माझी मान कापलेली बघायचीय का गं तुला, म्हातारे?"
"आणि तुला माझी नात टँकरखाली?"
मधून ट्रक गेला. त्याचं उत्तर ऐकूच आलं नाही — बरंच झालं! घरात येऊन एकटीच हसले.
संध्याकाळी मेरेआना म्हणाली, "आजी, कुठलाही कठडा घातला तरी इथे फट नाही ठेवणार. फट ठेवली की तिथेच ठोकर." म्हणजे तामातीला पार पुलापर्यंत जाऊन वळून यावं लागणार! हे डोक्यातच आलं नव्हतं. बराच वेळ बटाटे सोलत बसले. चौघांचे सोलले. आम्ही दोघीच.
तरी तारांनाच मत. पोर आधी.

मंगळवार, ६ ऑगस्ट
तारा ताणल्या. चहाच्या वेळी पलीकडून तामातीने कप उंचावला. मीही उंचावला. असं काय चहा पितात!

बुधवार, २१ ऑगस्ट
पहाटे धडाम! पळत गेले. एक व्हॅन तारांत अडकलेली, खांब आडवे, चालक आपल्या पायांनी बाहेर आलेला. आणि अलीकडच्या बाजूला मेरेआनाची गाडी — धड! काचेवर चिखल उडाला, बस्स. मी तिला इतकं घट्ट धरलं की ओरडली, "आजी, फासळ्या!"
तामाती पुलावरून वळसा घालून फटफटत आला. "पोरगी बरी?"
"बरी."
तारेला हात लावून म्हणाला, "खिसणीच आहे." मग नाक पुसलं. "आज बरी वागली."
चहा झाला. दोन कप!

सोमवार, २६ ऑगस्ट
तामाती चहानंतर जायचं नावच घेईना. "एवढा वळसा रोज कोण घालणार?" म्हणाला. त्याच्या पिशवीत डोकावले — दाढीचं सामान, दातांचा ब्रश! मेरेआनाला कसं सांगू म्हणून घुटमळत होते, तर पोरीने आधीच अर्धं कपाट रिकामं करून ठेवलेलं.