ड्रायरमधलं नाणं

प्रिय डेल,

तुझा फोन लागत नाही, निरोपांना उत्तर नाही, म्हणून शेवटी कागद काढला. रागावून लिहीत नाहीये. म्हणजे रागावलोय, पण धाकट्या भावावर रागवायलाही आता फुरसत नाही.

आईकडे पाव डॉलरचं एक नाणं आहे. ते ती उशाखाली ठेवते आणि येईल त्याला 'टाकसाळीची चूक' म्हणून दाखवते. नेहमीच्या नाण्यापेक्षा लहान, कड जाड आणि आत वळलेली, कडेची अक्षरं अर्धी गिळलेली. तुझ्या व्हिडिओत तू असंच नाणं नाचवत सांगतोस ना, की चुकून लहान चकतीवर छाप बसला आणि त्याचं सोनं झालं! आईनं तो इतक्यांदा पाहिलाय की तुझं "मंडळी, खिसे तपासा!" घरी येणाऱ्या नर्सलाही पाठ झालंय. तू बोलत असतोस आणि आई मध्येच म्हणते, "किती वाळलाय बघ. जेवतो की नाही कोण जाणे."

मी पडलो नाण्यांचा दुकानदार. राहवेना, समजावत बसलो. लहान चकतीवर छापलेलं नाणं वजनाला हलकं भरतं. हे काट्यावर ठेवलं तर जवळजवळ पूर्ण भरलं. शिवाय टाकसाळीत छाप एका दणक्यात पडतो, कड अशी ठोकर खाऊन खाऊन आत दुमडत नाही. हे नाणं कपडे वाळवायच्या यंत्रात, ड्रमच्या फटीत अडकून महिनोन्‌महिने गरगरलंय. ही टाकसाळीची चूक नव्हे, नंतर खाल्लेला मार आहे. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तू गप बस रे. डेल बघेल. त्याला तुझ्यापेक्षा जास्त कळतं." तुला भिंग धरायला कोणी शिकवलं, ते विचारायचं मी गिळून टाकलं.

तिचं हृदय थकलंय, डेल. औषधांनी करायचं ते करून झालं, आता फक्त त्रास होऊ द्यायचा नाही, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सफरचंदाचा गर दोन चमचे खाते आणि वाटी सरकवते. तिला धाप लागली की मी उशी उंच करतो, खिडकी उघडतो, परत लावतो. याच्यापलीकडे मला काही येत नाही. नाण्याला काय झालंय ते मी भिंगाखाली सांगतो, आणि आईसमोर नुसता हात चोळत उभा राहतो.

काल सकाळी मी पुन्हा ड्रायरचं पुराण लावलं आणि अर्ध्यावर माझी जीभच अडखळली. मी हे सांगतोय कोणाला? चौकातली लाँड्री जन्मभर चालवली कोणी? यंत्रं उघडून असली नाणी चिमट्यानं उपसून काउंटरवरच्या बरणीत टाकायचं कोण? मी आईकडे पाहिलं. ती म्हणाली, "पडला का उजेड, शहाण्या? आता डेल आला की त्याच्यासमोर तोंड उघडू नकोस."

व्हिडिओच्या शेवटी तू म्हणतोस, असं नाणं कुणाकडे असेल तर मी स्वतः गाडी घेऊन दारात येईन. तिनं तेवढंच धरून ठेवलंय. बाबांना स्मशानात पोचवून आलो त्या दिवशी तू दार आपटून गेलास, तिनंही नंतर बोलावलं नाही, आणि आता 'मला बघायला ये' म्हणणं तिच्या जिभेवर येत नाही. मी रोज तिच्यापाशी बसतो, पण तिची नजर दाराकडे असते. मला त्याचं वाईट वाटतं, लपवत नाही. फार दिवस उरलेले नाहीत, म्हणून लिहितोय. ये. नाण्याबद्दल खरं सांग, खोटं सांग, मी चकार शब्द काढणार नाही. फक्त खुर्ची तिच्याजवळ ओढून घे, आणि ते नाणं बघायला खूप वेळ लाव.

तुझाच,
व्हर्न