कुणीही मागितलं तरी

१२ जून, दुपार

प्रिय ताई,

तुम्ही दोघी बऱ्या असाल. मीही बरी आहे. हे पत्र आमच्या दवाखान्याच्या गाडीवरचे ड्रायव्हरकाका तुझ्या हातात देतील. फोन केला नाही, कारण तुझ्या फोनवर माझा भरवसा राहिलेला नाही.

मंगळवारी तुला ‘शाळेतले फोटो पाहा’ अशी एक लिंक आली होती. तू ती उघडलीस. विचारत नाहीये, मला माहीत आहे.

आमच्या दवाखान्याचं वेबपान एका डोमेनवर, म्हणजे वेबपत्त्यावर, आणि पेशंटांची माहिती दुसऱ्या डोमेनवरच्या सर्व्हरवर असते. पानातल्या जावास्क्रिप्टनं, म्हणजे पानासोबत चालणाऱ्या प्रोग्रॅमनं, अशी परकी माहिती मागवली, तर ब्राउझर ती पानाच्या हाती लागू देत नाही. ‘या पानाला चालेल’ असं त्या सर्व्हरनं कळवावं लागतं. दोन वर्षांपूर्वी मला ते काही केल्या जमेना, आणि साहेब तर डोक्यावर बसलेले. शेवटी मी सर्व्हरला सांगून टाकलं, कुठलंही पान मागू दे, हो म्हण. पान चाललं, सगळ्यांनी पाठ थोपटली. ठरावीक पानांची यादी नंतर करू म्हटलं, ते राहूनच गेलं.

आज सकाळी सर्व्हरच्या नोंदी बघताना एक अनोळखी डोमेन दिसलं. मंगळवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी एकदाच आलेलं. एकच पेशंट, आपली छकुली. तू तिच्या खोकल्याचा रिपोर्ट बघायला लॉगिन केलं होतंस ना? त्या फोटोंच्या पानानं तुझ्याच ब्राउझरमधून, तुझ्याच लॉगिनवर तिची फाइल मागितली. माझ्या सर्व्हरनं दिली. तुझ्या नव्या पत्त्यासकट.

ताई, खरं ते अजून लिहिलंच नाही.

ते पान कुणाचं, हे तुला सांगायला नको. पण त्यांना हे सुचलं कसं? मीच सांगितलं होतं. तुमच्याकडे जेवताना, फुशारकी मारत. ताटातून मान वर न करता भाऊजींनी विचारलं, “म्हणजे कुणीही मागितलं तरी देतो तो?” मी म्हटलं, “कुणीही!” आणि खो खो हसले.

सर्व्हर बंद केलाय, साहेबांना सांगितलंय. पण पत्ता गेला तो गेला. काका गाडी चालू ठेवून थांबलेत. छकुलीला घे, तिचं औषध घे, फोन तिथेच ठेव. बाकी काही आवरत बसू नकोस.

तुझी,
धाकटी

१५ जून

ताई,

सुखरूप पोचलात, एवढंच काकांनी सांगितलं. मी रडले.

काल पोलिसातल्या बाईंना घेऊन तुझ्या खोलीवर गेले होते. घरमालकीणबाई म्हणाल्या, “अहो, त्या गेल्या आणि तासाभरात एक गृहस्थ आले. फार सभ्य हो! म्हणाले, मी मुलीचा बाबा, तिचा खोकला कसा आहे? दोन तास जिन्यात बसून होते.”

तिला खोकला झाला तो तू घर सोडल्यानंतर.

तक्रार लिहून दिली आहे, माझ्या चुकीसकट. भाऊजी अजून सापडलेले नाहीत. साहेबांनी सर्व्हरचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरंच केलं.

तू कुठे आहेस ते मी काकांना विचारलेलं नाही. उद्या मी रडून विचारलं तरी सांगू नका, असं त्यांना बजावलंय. मला माफ कर, पण तसं कळवू नकोस.

उत्तराची वाट न बघणारी,
तुझी धाकटी