अर्धं पातं

३ मार्च, मंगळवार

दादाचं ऑपरेशन लांबणीवर पडलं. हर्निया राहिला बाजूला, आधी केलेल्या तपासणीत रक्तात भलतंच निघालं — हिपॅटायटिस बी. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जुना दिसतोय, वर्षानुवर्षं अंगात असेल. लिव्हर अजून चांगलं आहे, पण आता दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं. मग त्यांनी विचारलं, "घरात ब्लेड, टूथब्रश असलं काही दोघांत वापरता का?"

दादाने माझ्याकडे बघितलं, मी दादाकडे. दोन न्हाव्यांना हा प्रश्न!

गिऱ्हाइकाला दर वेळी नवं अर्धं पातं. त्याच्या डोळ्यांदेखत मोडायचं आणि वस्तऱ्यात घालायचं — बाबांचा नियम, त्यात आजवर कसूर नाही. पण रविवारी संध्याकाळी, सोमवारच्या सुट्टीआधी, शटर अर्धं ओढलं की दादा माझी दाढी करणार आणि मग त्याच वस्तऱ्याने मी त्याची. पातं तेच. "घरच्या घरात कसलं नवं पातं?" हेही बाबांचंच. त्यात माझ्या हनुवटीवर चामखीळ. ती कापली नाही असा रविवार विरळाच.

हे ऐकून बाईंनी पेन खाली ठेवलं. तुमची आणि वहिनींची तपासणी उद्याच करा, म्हणाल्या.

४ मार्च, बुधवार

रक्त दिलं. एकाच नळीतून तीन गोष्टी बघणार म्हणे — आत्ता लागण आहे का, अंगात प्रतिकारशक्ती आहे का, आणि पूर्वी कधी होऊन गेलाय का. रिपोर्ट सोमवारी.

सुई टोचताना मी भिंतीकडे तोंड केलं. वहिनी हसायला लागली. "दिवसभर लोकांच्या गळ्याला वस्तरा लावता भावजी, आणि एवढीशी सुई बघवत नाही?" तिने स्वतःचा हात मात्र असा पुढे केला जणू बांगड्याच भरायच्या आहेत. माझी भीती घालवायला करत होती, कळतं मला.

५ मार्च, गुरुवार

दादा दुकानात आला नाही. स्वतःचं ताट वेगळं केलं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. जेवायला गॅलरीत जाऊन बसला. वहिनी ओरडली, "अहो, बाई म्हणाल्या ना, एकत्र जेवल्याने होत नाही म्हणून!" ऐकेल तर तो दादा कसला. शेवटी वहिनी स्वतःचं ताट घेऊन गॅलरीत गेली. मग मीही गेलो. गॅलरी केवढी, आम्ही केवढे — माझा कोपर दादाच्या वाटीत. तो चिडला, पण उठला नाही.

गिऱ्हाइकं विचारतात, दादा कुठाय? हर्निया, म्हणतो. खोटंही नाही.

६ मार्च, शुक्रवार

त्याची खुर्ची रिकामी. दादाचं जुनं गिऱ्हाईक म्हणजे शाळेतले मास्तर, ते दुसऱ्या कोणाकडून कटिंग करून घेत नाहीत. पेपर वाचत बसले आणि तसेच निघून गेले.

८ मार्च, रविवार

शटर अर्धं ओढलं आणि सवयीने खुर्चीत बसलो. मग आठवलं. तसाच घरी आलो, दाढीचे खुंट घेऊन.

दादाने ते बघितलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. बाबा गेले तेव्हा मी शाळेत होतो. फुग्याला फेस लावून वस्तरा धरायला यानेच शिकवलं. फुगा फुटला की तोंडभर फेस, आणि हा पोट धरून हसायचा. आज म्हणाला, "तुला लहानाचा मोठा केला तो काय यासाठी? तुझ्यात काही निघालं तर मी परत वस्तऱ्याला हात लावणार नाही." मी म्हटलं, उगाच अभद्र बोलू नकोस. पण तो बोलला की करतो. मला स्वतःच्या रक्ताची भीती वाटते आहेच, त्याहून जास्त याची वाटते. दादाशिवाय ते दुकान मला नको आहे.

९ मार्च, सोमवार

लागण नाही! प्रतिकारशक्ती भरपूर. वहिनीही सुटली, पण तिला प्रतिकारशक्ती नाही, म्हणून लशीची तीन इंजेक्शनं. दादाने बाहेर बाकावर एवढंच ऐकलं आणि सगळ्यांसमोर माझं डोकं छातीशी धरलं.

आतलं त्याने ऐकलं नाही. बाई म्हणाल्या, तुम्ही लस घेतलेली नाही, ही शक्ती आजारातून आली. पूर्वी होऊन गेलाय आणि तुमच्या शरीराने तो परतवला. कधी कावीळ झाली होती?

झाली होती. बाविशीत. दोन महिने अंथरुणाला खिळलो होतो. भरवायला दादा, धुवायला दादा. रविवारी उशाशी बसून माझी दाढी करायचा आणि त्याच पात्याने स्वतःची.

कोणाकडून कोणाला गेला हे आज कोणीच सांगू शकत नाही, असं बाई म्हणाल्या. मला सांगायला कोणी कशाला लागतंय?

१२ मार्च, गुरुवार

दादा दुकानात. मास्तर सकाळपासून हजर. हातमोजे घालून कात्री चालवतो आणि येईल त्याला सांगतो, "माझ्यापायी धाकट्याला सुई खावी लागली." खरं काय ते सांगायला मी तोंड उघडतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाला हाक मारतो. त्याची कीव येते, माया येते, काय येतं कळत नाही.

१५ मार्च, रविवार

शटर ओढल्यावर सांगून टाकलं. दादा माझ्या गालांना फेस लावत होता, हात थांबला नाही. म्हणाला, "तुझी कावीळ उतरली आणि माझे डोळे पिवळे झाले. तेव्हाच कळलं होतं. तू नुकता कुठे उभा राहत होतास, तुला कशाला सांगू?"

"मग एवढे दिवस रडत का होतास?"

"वाटलं, तुझं तुलाच परत दिलं की काय."

मग नवं पातं काढलं, मधोमध मोडलं. एक अर्धं माझ्यासाठी, एक त्याच्यासाठी.