बांधून ठेवलेली बातमी

नाना, तुम्हाला जाऊन एवढी वर्षं झाली, आता तुमच्यावर चिडून उपयोग नाही हे मला कळतं. तरी चिडलेय. पुढच्या महिन्यात वाचनालयात तुमचा फोटो लागणार आहे, तालुक्याचा इतिहास जपणारे संपादक म्हणून. भाषण मी करायचंय. आणि नेमक्या आत्ताच धडगावकडून एक बाई आल्या. आश्रमशाळेत शिकवतात. त्या लहान असताना त्यांचे वडील कापूस वेचायला कळसाडीला निघाले होते, घाटात जीप उलटली, त्यात गेले. घरात फोटो नाही, कागद नाही. "पेपरात नाव आलं असेल ना, ताई? तेवढं मोबाईलमध्ये घेते," म्हणाल्या.

मी आपल्या पेपरच्या जुन्या अंकांची फाईल काढली. त्या आठवड्याच्या अंकात पहिल्या पानावर एका शेठजींच्या नातवाचं जावळ. आजोबा, काका, मामा, आत्या, सगळ्यांची नावं, कुणाचं 'श्री'सुद्धा गळलेलं नाही. आणि तिसऱ्या पानावर अगदी खाली एक ओळ. 'घाटात जीप उलटून चार आदिवासी मजूर ठार.' संपलं.

ती ओळ मला पाठ आहे. असे अपघात सारखेच व्हायचे, म्हणून तुम्ही ती एकदाच छपाईच्या खिळ्यांत जुळवून, सुतळीने बांधून खिडकीत ठेवून दिली होती. खबर आली की सुतळी सोडायची, आकडा बदलायचा, छापायचं, पुन्हा बांधून ठेवायचं. माणसं मरायच्या आधी तुमची बातमी तयार. जनाची नाही तर मनाची तरी वाटायला हवी होती, नाना. मी एकदा म्हटलं होतं, नावं घेऊ या की, जीपवाल्यांना विचारलं तरी सांगतील. तुम्ही चष्म्यावरून बघितलंत. "डोंगरना लोकेसना नावे कोन वाचस? आपला पेपर बजारना लोके वाचतस." तुमच्यापुढे बोलायची छाती होती कुणाची? आईचीही नव्हती.

बाईंनी ती ओळ दोनदा वाचली. मग बोटांवर मोजलं: वडील, काका, शेजारचे दोघे भाऊ आणि पाड्यावरची एक म्हातारी. "ताई, पाच होते." आवाज चढवला नाही त्यांनी. चढवला असता तर बरं झालं असतं. "मग माझे वडील यात आहेत की नाहीत?" मी म्हटलं, आमच्या वडिलांची चूक झाली, त्यांना तुमच्या लोकांची पर्वाच नव्हती. त्या मान हलवून उठल्या, चहासुद्धा घेतला नाही.

पर्वा नव्हती हे खरंच आहे, आणि भाषणात मी ते सगळ्यांसमोर बोलणार आहे. कुणाला झोंबायचं त्याला झोंबू दे. पण त्या आठवड्यात तुम्ही कागद आणायला धुळ्याला गेला होतात. अंक मी लावला. दुसरा एक जीपवाला दारात येऊन 'पाच' म्हणून सांगून गेला होता. जावळाच्या नावांचं प्रूफ मी तीनदा तपासलं, आणि त्या ओळीची सुतळी सोडलीच नाही. आधीच्या अपघाताचा आकडा तसाच छापून गेला. बाईंना मी हे सांगितलं नाही.