दुधातले थेंब

३ मार्च
पोहोचलो एकदाचे! खोली छोटी असली तरी स्वच्छ आहे, खिडकीतून थेट तुतीचं शेत दिसतं, आणि चिंगीने आल्या आल्या पलंगावर उड्या मारून त्याची परीक्षाही घेतली. सात वर्षांची झाली, पण पोर अजून माकडच! काम मला जमण्यासारखं आहे. रेशमाच्या अळ्यांना पाला घालायचा, ट्रे साफ करायचे. मालकांना सगळे सर म्हणतात, कारण पूर्वी ते कीटकशास्त्र शिकवायचे. त्यांच्या बायकोला मी काकू म्हणायचं ठरवलंय. त्यांना मूलबाळ नाही. चिंगीवरून त्यांची नजर हलत नव्हती.

७ मार्च
सरांनी आज अळीचं गुपित समजावलं. मेंदूतून निरोप निघतो, छातीतली ग्रंथी रस सोडते, आणि तो रस अळीला सांगतो, कात टाक. दुसरा एक रस असतो, तो म्हणतो, टाक, पण लहानच राहा. हा दुसरा आटला की पुढे कोष आणि कोषातून पाखरू. सरांकडे दोन्ही रस बाटल्यांत आहेत, एक निळी, एक पांढरी. निळीतला फवारला की अळ्या एकदम कोषाला लागतात. पांढरीतला लावला की लहानच राहतात, खात सुटतात आणि रेशीम जास्त देतात. सगळं कळल्यासारखी मी मान डोलावली.

१२ मार्च
आज निळी फवारणी. चिंगीला शेडबाहेर बसवलं होतं, पण बाईसाहेब ऐकतील तर ना! फवारणीने ओल्या झालेल्या पाल्यातल्या तुती वेचून ओंजळभर खाऊन मोकळ्या. धपाटा घातला, चूळ भरायला लावली. सरांना सांगितलं नाही. नवी नोकरी, उगाच बोलणी कोण खाईल?

१६ मार्च
चिंगी दिवसभर मान वर करून बसून होती. जेवली नाही. कात टाकण्याआधी अळ्या अश्शाच बसतात. संध्याकाळी तिच्या हातांची साल निघाली, अख्खी, मोज्यासारखी, नखांसकट. मग तिघांचं जेवण जेवली. डॉक्टरांनी मलम दिलं. काकूंनी ती साल बघितली आणि लगेच दूध घेऊन आल्या.

२० मार्च
दूध रोज येतंय. आज काकूंना पकडलं, पांढऱ्या बाटलीतले थेंब पेल्यात टाकताना. माझं डोकंच फिरलं. स्वतःला नाही म्हणून माझ्या पोरीला कायमची लहान ठेवायला निघाल्या! नाही नाही ते बोलले. त्या हात जोडून काहीतरी सांगू बघत होत्या, पण मी कुठली ऐकतेय. बाटली मोरीत ओतली. जिवाला बरं वाटलं.

२१ मार्च
सर आले. ओरडले नाहीत, त्याचीच भीती वाटली. चिंगीला तुती खाताना काकूंनी पाहिलं होतं. मी घाबरू नये म्हणून गप्प राहिल्या. कात थांबवणं आता कुणाच्या हातात नाही, सर म्हणाले. ती मूल राहावी एवढंच ते थेंब करत होते. दुसरी बाटली यायला पंधरा दिवस लागतील. त्याआधीच येणाऱ्या कातीला पाखरू होणार. पाखराला काय भरवायचं, मी विचारलं. खाली बघत म्हणाले, रेशमाचं पाखरू खात नाही. पाच-सहा दिवस जगतं.

२३ मार्च
मोरीचा पाइप उघडला. काकूही गुडघ्यांवर बसून शोधत होत्या. नुसतं पाणी. चिंगी कोपऱ्यात. डोकं हलवतेय, या बाजूला, त्या बाजूला. ओठांतून धागा—

२४ मार्च
कोपरा पांढरा झालाय. आतून आई, आई अशी हाक येते. कात्री घेतली तर काकूंनी हात धरला. कापलं तर आहे तीही—
मी केलं हे. माझ्या हातांनी.

२६ मार्च
हाक येत नाही.

२९ मार्च
सकाळी फाटलं. आली बाहेर. माझ्याएवढी उंच. डोळे चिंगीचेच. ओळखलं मला, हात पुढे केले— दूध आणलं, कोमट, साखर घालून. म्हटलं घे बाळा, एकच घोट— पेला ओठांना लावते— ओठ कुठे—
तीही शोधतेय. बोटांनी, नाकाखाली, शोध—