जेवणानंतर अर्धा तास रिकंबंट

आदरणीय साडूभाऊ,

नमस्कार साष्टांगच घालायचा होता, पण पाठीमुळे सध्या दोन-तीन अंगांवर भागवतो आहे. आपली व ताईंची प्रकृती उत्तम असेलच. डॉक्टरच्या घरी आजारी पडायची कोणाची टाप! इकडे माझी पाठ वगळता सर्व क्षेम.

त्याच पाठीसाठी आपण दिलेली चिठ्ठी (‘जेवणानंतर अर्धा तास रिकंबंट’) मी छापखान्याच्या मालकांपुढे ठेवली. बावीस वर्षं त्यांचीच प्रुफं वाचून ही पाठ धनुष्य झाली, तेव्हा तिला दुपारी अर्धा तास झोप मिळालीच पाहिजे, अशा निर्धाराने मी उभा होतो (बसता येत नव्हतं, हेही खरं). मालकांनी चष्मा कपाळावर चढवला. “शास्त्रीबुवा, हे रिकंबंट म्हणजे काय हो?” झालं! नुसतं ‘झोप’ म्हटलं असतं तर सुटलो असतो. पण बावीस वर्षांत त्या माणसाने मला एका शब्दाचा अर्थ विचारला नव्हता. मी कोश उघडला, थेट लॅटिनपर्यंत खणत गेलो: ‘रि’ म्हणजे मागे, पुढचा धातू आडवं होण्याचा, एकूण अर्थ, मागे रेलून आडवं पडणं. इथे थांबायचं की नाही? पण आमची खोड! आपल्या संस्कृतातल्या ‘शी’ धातूत पडणंही येतं आणि झोपणंही, या शब्दात मात्र झोपेचा मागमूस नाही, हेही (कोणी विचारलं नसताना) सांगून टाकलं.

मालक केवढे खूश! “वा, बुवा! म्हणजे डोळे उघडे ठेवून पडायचं. मग पडल्या पडल्या वाचायला काय हरकत आहे?”

तेव्हापासून रोज दुपारी मी कागदाच्या गठ्ठ्यांवर उताणा असतो आणि म्हातारा बाइंडर माझ्या नाकासमोर प्रुफं धरून उभा असतो. माझा डोळा लागला की खाकरतो. काल म्हणाला, “बुवा, तो कोश मिटलेला ठेवला असतात, तर आज डोळे मिटता आले असते.”

पण मी हटणार नाही. शब्दाचा अर्थ बदलणं माझ्या हाती नाही, आणि असतं तरी बदलला नसता. झोप मात्र मिळवीनच.

आपला (पाठ वाकली तरी मान ताठ असलेला)
साडू

ता. क. : नवी चिठ्ठी हवी. या वेळी साध्या मराठीत ‘झोप’ असंच लिहा.

ता. क. २ : नको, तेही नको. झोप म्हणजे किती गाढ, असं मालक विचारतील आणि मी सांगत बसेन. त्यापेक्षा आपल्या नेहमीच्या अक्षरात काहीही लिहा. मागची चिठ्ठी आपण जन्मात प्रथमच वाचता येईल अशी लिहिलीत, तिथेच घात झाला.